भाईंदरला, पण ठाण्याला

माझी मुलगी सात वर्षांची होती. भाईंदर स्टेशनचा पूल उतरता उतरता तिने विचारले, "आई, आपण भाईंदरला जातो, विरारला जातो, वसईला जातो. मग ठाण्याला का जातो? ठाणेला का नाही जात?" आम्ही तिला घरीच शिकवत होतो. तेव्हा घरात व्याकरणाची तीन पुस्तके होती, दोन इंग्रजीची आणि एक मराठीचे. इंग्रजीच्या पुस्तकांना हा प्रश्न पडणारच नव्हता, कारण 'टू ठाणे' म्हणताना ठाण्याला काही होत नाही. मराठीच्या पुस्तकात सामान्यरूपाचे, म्हणजे प्रत्यय लागण्याआधी नामाचे जे रूप होते त्याचे, प्रकरण होते, पण ते व्याख्येने सुरू होऊन तक्त्यात संपत होते. सात वर्षांच्या मुलीला त्यातले काय वाचून दाखवणार?

त्यानंतर दोन मुलांना शिकवताना आणि मीरा रोड-भाईंदरमधल्या ओळखीच्या घरांतल्या मुलांबरोबर बसताना मी पुष्कळ पुस्तके चाळली, काही विकत घेतली, काही अर्ध्यावर सोडली. घरी शिकवणारे पालक मला हमखास विचारतात की व्याकरणासाठी कुठले पुस्तक घ्यावे. माझे उत्तर असे असते: मुलाच्या तोंडात आज जी भाषा आहे तिथून सुरुवात करणारे पुस्तक मुलाच्या हाती द्या, आणि व्याख्यांनी सुरू होणारे पुस्तक स्वतःसाठी ठेवा. दोन्ही लागतात. गल्लत होते ती कुठले कोणाचे यात.

आधी आठवडाभर ऐका

पुस्तक घेण्याआधी एक वही घ्या. आठवडाभर मूल जे बोलते त्यातली वीस-पंचवीस वाक्ये जशीच्या तशी लिहून काढा. दुरुस्त करू नका, मुलाला सांगूही नका. ही वही तुम्हाला कुठल्याही परीक्षणापेक्षा जास्त सांगेल.

आपल्या शहरात तर हे फारच गरजेचे आहे. उत्तन-डोंगरीची कोळी आणि ख्रिस्ती घरे, राई-मुर्धे-मोर्व्याची आगरी घरे, भाईंदर पश्चिमेची गुजराती आणि मारवाडी घरे, मीरा रोडची हिंदी-उर्दू बोलणारी घरे, आणि नोकरीसाठी देशावरून आणि कोकणातून आलेले आपण. एकाच इमारतीतल्या चार मुलांच्या मराठीतल्या अडचणी चार प्रकारच्या असतात.

हिंदी बोलणाऱ्या घरातले मूल 'माझी पुस्तक' म्हणते, कारण किताब स्त्रीलिंगी. 'पाणी आला' म्हणते, कारण हिंदीत पानी पुल्लिंगी. तिथे नपुंसकलिंगच नाही. त्याला 'आम्ही' आणि 'आपण' यांतला फरकही शिकावा लागतो, कारण हिंदीत दोन्हींना 'हम' पुरते. "आम्ही बागेत चाललोय" असे त्याने मित्राला सांगितले आणि मित्र हिरमुसला, तर चूक व्याकरणाची असते, पण दुखावतो मित्र. गुजराती घरातल्या मुलाला या दोन्ही गोष्टी आयत्या मिळालेल्या असतात. गुजरातीत तीन लिंगे आहेत, 'आपणे' आणि 'अमे' वेगळे आहेत, आणि 'पाणी आव्युं' म्हणणारे मूल 'पाणी आलं' सहज म्हणते. त्याला लिंगाचे स्वाध्याय करायला लावणे म्हणजे वेळ घालवणे. 'चार'मधला च आणि 'चाक'मधला च वेगळा आहे हे मात्र त्याच्या कानाला दाखवून द्यावे लागते, आणि ते पुस्तकातून होत नाही, मोठ्याने वाचून होते.

इंग्रजी माध्यमाच्या शाळेतून काढून घरी आणलेला मुलगा "मी पोळी खाल्लो" म्हणतो. याबद्दल पुढे बोलू.

आगरी-कोळी घरांविषयी थोडे सांभाळून सांगते. या बोलींमध्ये ण आणि ळ पुष्कळदा न आणि ल होतात, 'पाणी'चे 'पानी' होते. मूल आजीसारखे बोलले की काही पालक लगेच टोकतात. असे करू नका. वहीत दोन रकाने आखा, एक 'आजीच्या बोलीत', दुसरा 'पुस्तकात'. दोन्ही रकाने भरणाऱ्या मुलाला भाषेचे नियम लवकर कळतात, कारण त्याच्यापुढे तुलनेला दोन रूपे असतात. ज्याच्याकडे एकच रूप आहे त्याला नियम म्हणजे काय हे समजायलाच वेळ लागतो.

पुस्तक हातात आले की दोन पाने उघडा

अनुक्रमणिका पाहू नका. सगळ्या अनुक्रमणिका सारख्याच असतात: नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद आणि चार अव्यये. मराठी व्याकरणाची ही मांडणी जुनी आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण छापले तेव्हा त्यांच्यापुढे इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता. पुढे मोरो केशव दामल्यांनी १९११च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त सगळ्याचा बारकाईने ऊहापोह केला, आणि अरविंद मंगरूळकरांनी १९६४मध्ये 'मराठी व्याकरणाचा पुनर्विचार' हे नाव घेऊनच पुस्तक लिहिले. मोठ्यांचा हा वाद अजून मिटलेला नाही, त्यामुळे आठ वर्षांच्या मुलाला शब्दांच्या आठ जाती घोकायला लावण्याची घाई आपण करण्याचे कारण नाही.

पहिले पान सामान्यरूपाचे. पुस्तकात ते आहे का, आणि असेल तर उदाहरणांनी सुरू होते का? मराठीत शिकणाऱ्या मुलाला सगळ्यात जास्त वेळा लागणारा नियम हाच आहे. घर, पण घरात. घोडा, पण घोड्याला. मासा, पण माशाला. शब्दयोगी अव्यय जोडतानाही तेच: झाड, झाडाखाली. इंग्रजी पुस्तकाची नक्कल करून लिहिलेल्या मराठी पुस्तकात 'खाली', 'वर', 'मागे' यांची यादी मिळते, पण त्या यादीआधी 'झाड'चे 'झाडा' का झाले याचा पत्ता नसतो. असे पुस्तक परत ठेवा.

सामान्यरूप नीट शिकले की शुद्धलेखनाचा मोठा भाग फुकटात मिळतो, आणि हे फार थोड्या पालकांना माहीत असते. 'दूध'मध्ये ऊ दीर्घ, 'दुधात' ह्रस्व. 'मूल' आणि 'मुलाला'. 'फूल' आणि 'फुलाचा'. आपल्याकडे तर उदाहरण दाराशी आहे. भाईंदरच्या खाडीकाठी पिकणारे ते 'मीठ', पण पिकते 'मिठागरात', आणि चव 'मिठाची'. मुलाला खाडीकडे नेऊन हे एकदा दाखवले की 'मीठ'ची वेलांटी ते पुन्हा चुकत नाही. शब्दाच्या शेवटी अक्षर वाढले की आधीची वेलांटी किंवा उकार आखडतो, एवढे त्याला स्वतःला दिसले पाहिजे. 'गीता'सारखे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या नियमाला जुमानत नाहीत, पण ती गोष्ट वर्षभराने सांगितली तरी चालते.

दुसरे पान क्रियापदाचे. "क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलते" एवढेच लिहून पुस्तक पुढे गेले असेल, तर ते अपुरे आहे. मुलगा म्हणतो "मी पोळी खाल्ली", मुलगीही म्हणते "मी पोळी खाल्ली". इथे क्रियापद पोळीमागे जाते. पोळीच्या जागी आंबा आला की 'खाल्ला', केळे आले की 'खाल्ले'. "मी पोळी खाल्लो" म्हणणाऱ्या मुलाला इंग्रजीतला नियम मराठीत लावायची सवय झालेली असते. त्याला 'कर्मणी प्रयोग' हे नाव बारा वर्षांचा होईपर्यंत कळले नाही तरी बिघडत नाही, पण ताटातले पदार्थ बदलत वीस वाक्ये त्याने म्हणायला हवीत. चांगले पुस्तक ही वीस वाक्ये म्हणवून घेते.

वर्णमालेच्या पानावर एक नजर टाका, एवढेच पुरे. २००९च्या शासन निर्णयातल्या प्रमाणित वर्णमालेत ॲ आणि ऑ धरून चौदा स्वर आहेत. बॅट आणि ऑफिस रोज म्हणणाऱ्या मुलाला ते वर्णमालेत सापडले पाहिजेत. घरात आजोबांची जुनी पुस्तके असतील तर त्यांत 'नांव', 'गांव', 'केलें' असे अनुस्वार दिसतील. शासनाने १९६२मध्ये शुद्धलेखनाचे चौदा नियम स्वीकारले, १९७२मध्ये त्यांत चारची भर पडली, आणि उच्चारात नसलेले असे अनुस्वार लेखनातून गेले. आजोबा चुकले नव्हते, नियम बदलले. मुलाला हे जरूर सांगा.

मराठीची पुस्तके

बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य उतरवून घेता येतात, म्हणून सगळे तिथूनच सुरुवात करतात. त्यात वावगे काही नाही, फक्त मराठी माध्यमासाठीचे पुस्तक आणि इतर माध्यमांसाठीची 'सुलभभारती' यांतला फरक ध्यानात ठेवा. घरात मराठी बोलली जात असेल तर पहिले, नसेल तर दुसरे. इयत्तेचा आकडा मनावर घेऊ नका. दहा वर्षांच्या मुलाने तिसरीचे पुस्तक वाचले तर घरी त्याला हसणारे कोणी नाही, आणि घरी शिकवण्याचा हा मोठा फायदा आहे. पाठ्यपुस्तकात व्याकरण धड्याखालच्या स्वाध्यायांत थोडे थोडे पेरलेले असते. वर्गात शिक्षक त्याला जोड देतात असे तिथे गृहीत असते. घरी ती जोड आपण द्यायची, नाही तर तुकडे तुकडेच राहतात.

ती जोड देण्यासाठी मला सगळ्यात उपयोगी पडला तो माधुरी पुरंदरे यांचा 'लिहावे नेटके' हा ज्योत्स्ना प्रकाशनाचा संच. मुलाने स्वतः पेन्सिल घेऊन बसावे असे हे काम आहे, आणि यातले मूल विचार करते, व्याख्या पाठ करत नाही. ज्याला वाक्य सलग वाचता येते त्याच्यासाठीच हा संच आहे. सहा वर्षांच्या मुलाला तो देऊन काही पालक निराश होतात. दोन वर्षे थांबा. त्याच लेखिकेने संपादित केलेले 'वाचू आनंदे' बरोबर ठेवा, कारण चांगले गद्य कानावरून गेल्याशिवाय स्वाध्याय कोरडे पडतात.

ज्या मुलाला वाचायलाच जड जाते त्याच्या बाबतीत व्याकरणाचा विचारही सध्या बाजूला ठेवा. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सिन बर्नसन यांनी विकसित केलेली 'प्रगत वाचन पद्धती' पाहा. तिच्यात अक्षरे वर्णमालेच्या क्रमाने येत नाहीत. थोड्या अक्षरांचा गट घेऊन त्यांतून लगेच अर्थाचे शब्द तयार केले जातात. अमेरिकेतून आलेल्या या बाईंनी मराठी शिकून, जाई निंबकर यांच्यासह मराठीचे संदर्भ-व्याकरणही लिहिले. परक्या भाषेतून आलेल्या माणसाला मराठीच्या अडचणी आपल्याहून स्पष्ट दिसतात, म्हणूनच बहुधा ही पद्धत अमराठी घरांतही चालते.

आता पालकांचे पुस्तक. मो. रा. वाळंबे यांचे 'सुगम मराठी व्याकरण व लेखन' स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांच्या टेबलावर हमखास दिसते. ते तुमच्या टेबलावर ठेवा. मूल प्रश्न विचारेल तेव्हा रात्री ते उघडा, नियम समजून घ्या, आणि सकाळी पुस्तक न उघडता उदाहरणांनी सांगा. शब्द कसा लिहायचा याबद्दल शंका आली तर यास्मिन शेख यांचा 'मराठी शब्दलेखनकोश' आहे, ठाण्याच्या अरुण फडके यांचा 'मराठी लेखन-कोश' आहे. फडक्यांच्या कोशात सामान्यरूपेही मिळतात, हे मला फार उशिरा समजले. त्यांचे 'शुद्धलेखन तुमच्या खिशात' खरोखरच खिशात मावते, आणि लोकलमध्ये मुलांबरोबर कोडी घालायला ते मी वापरते.

वाचनासाठी पैसे खर्चायची गरज नाही. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१पासूनचे अंक विनामूल्य वाचता येतात, आणि प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर पातळीनुसार मराठी गोष्टी आहेत. आठवड्यातून एकदा त्यांतला एक परिच्छेद श्रुतलेखनाला घ्या. मुलाला आधी तो वाचू द्या, मगच सांगा. न दाखवता घातलेले श्रुतलेखन म्हणजे सापळा असतो.

इंग्रजीची पुस्तके, आणि ती कधी

घरी शिकवणाऱ्या कुटुंबांत अमेरिकन पुस्तके पुष्कळ फिरतात. 'फर्स्ट लँग्वेज लेसन्स'मध्ये आईने काय म्हणायचे आणि मुलाने काय उत्तर द्यायचे हे शब्दशः लिहून दिले आहे. स्वतःच्या इंग्रजीची धास्ती असलेल्या पालकाला त्याचा आधार वाटतो. पण ते घरात इंग्रजीच बोलणाऱ्या मुलासाठी लिहिलेले आहे. नामाची व्याख्या तालात म्हणणारे आपले मूल 'ही गो' म्हणतच राहते, कारण त्याची अडचण व्याख्येची नसून सवयीची असते. 'ईझी ग्रामर'मध्ये आधी सगळी प्रीपोझिशन्स शिकवून वाक्यातले ते तुकडे खोडायला लावतात. उरलेल्या शब्दांत कर्ता आणि क्रियापद चटकन सापडतात. इंग्रजीसाठी युक्ती नामी आहे. मराठीत ती चालत नाही, कारण आपले शब्दयोगी अव्यय नामाला चिकटलेले असते आणि नुसते खोडले तर मागे 'झाडा' असा अर्धा शब्द उरतो. रेन आणि मार्टिनचे जाडजूड पुस्तक आपल्या आईवडिलांच्या पिढीपासून घरोघरी आहे, पण त्याच्या नावातच हायस्कूल आहे. आठ वर्षांच्या मुलापुढे ते ठेवू नका.

परदेशी सामग्रीतली मला मनापासून आवडली ती माँटेसोरी पद्धतीतली चिन्हे: नामाला काळा त्रिकोण, क्रियापदाला लाल वर्तुळ. ही आपण घरी कागद कापून करू शकतो, आणि मराठीसाठी त्यांत एक भर घालू शकतो. 'झाडाखाली' हा शब्द पट्टीवर लिहा आणि कात्री मुलाच्या हाती द्या. 'झाड', 'आ' आणि 'खाली' असे तीन तुकडे ते स्वतः करते. मधला तुकडा कशाचा, हे विचारू द्या. गुजराती शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनी 'दिवास्वप्न' या पुस्तकातल्या चौथीच्या वर्गाला व्याकरण खेळातून शिकवले, आणि गिजुभाईंबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५मध्ये बोर्डीला, म्हणजे तेव्हाच्या आपल्याच ठाणे जिल्ह्यात, बालशिक्षणाचे काम उभे केले. भाईंदरच्या गुजराती आणि मराठी पालकांचा हा सामाईक वारसा आहे. असे असताना खेळ परदेशातून मागवायची गरज मला वाटत नाही.

माझ्या मते इंग्रजीचे औपचारिक व्याकरण नऊ-दहाव्या वर्षाआधी नको. तोवर मराठीत 'कोण', 'काय केले', 'कशाला' हे प्रश्न वाक्याला विचारायची सवय झालेली असते, आणि तेच प्रश्न इंग्रजी वाक्यालाही लागू पडतात. घरची भाषा गुजराती किंवा हिंदी असेल तर हेच काम त्या भाषेत करा. व्याकरणाची पहिली समज घरच्या भाषेतच येते.

रोज पंधरा मिनिटे, आठवड्यातून चार दिवस. त्याहून जास्त मी कधी घेतले नाही.

परीक्षेविषयी थोडेच सांगते. शिक्षण हक्क कायद्यात घरी शिकवण्याचा वेगळा उल्लेख नाही, म्हणून बहुतेक कुटुंबे पुढे मुक्त शिक्षणाचा मार्ग धरतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या मूलभूत शिक्षणाच्या तीन पातळ्या तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीच्या आहेत. महाराष्ट्राच्या मुक्त विद्यालय मंडळाचा निर्णय २०१७चा, त्यात पाचवीपासूनचे स्तर आहेत. वयाच्या आणि नोंदणीच्या अटी त्या त्या वर्षी कार्यालयातून तपासून घ्या. परीक्षेच्या आधीच्या वर्षी व्याख्या आणि पारिभाषिक नावे पाठ करून घ्यायला हरकत नाही. ज्या मुलाने वीस वेळा पोळी आणि आंबा अदलाबदल करून पाहिला आहे, त्याला 'कर्मणी' हे नाव पाठ करायला एक दुपार लागते.

मुलीच्या त्या प्रश्नाचे उत्तर आम्ही अखेर लोकलमध्येच शोधले. स्टेशनांच्या नावांच्या चिठ्ठ्या केल्या आणि तिने त्यांचे ढीग लावले. दादर, दहिसर, भाईंदर, विरार यांना 'ला' तसाच चिकटतो. अंधेरी, वसई यांनाही. पण वांद्रे, पार्ले, नालासोपारा यांचे शेवट बदलतात: वांद्र्याला, पार्ल्याला, नालासोपाऱ्याला. ठाणे त्यांच्या ढिगात गेले. "म्हणजे शेवटी ए किंवा आ असला तर," ती म्हणाली. मग नायगाववर अडली. गावाला म्हणतो, मग नायगावला का? विशेषनामे थोडी हट्टी असतात, एवढेच मी सांगितले.

गेल्या वर्षी आम्ही उत्तनला गेलो होतो. बांबूंच्या परांच्यांवर बोंबील वाळत होते. मुलगी आता तेरा वर्षांची आहे. कोळीणबाई म्हणाल्या, "बोंबलाचं कालवण करा." घरी येताना बसमध्ये मुलीने वही काढली, वयाच्या सातव्या वर्षापासून चालवलेली, आणि 'लाकूड – लाकडाचे', 'बेरीज – बेरजेचे' यांच्या खाली लिहिले: 'बोंबील – बोंबलाचे'.